उणे दोनशे चाळीस

अलेक्झांड्रियात मन्शिया चौकाच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीची शाखा होती. इन्शिराह तिथे एकोणीस वर्षं तक्रारींचे फोन घेत होती. कुठल्या इमारतीतली लिफ्ट पावसात अडते, कुठली चौथ्या मजल्यावर उगाच थांबते, कुठल्या लिफ्टचं लाकडी दार लाथ मारल्याशिवाय लागत नाही, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. शाखेत अकरा मेकॅनिक होते. त्यांना सगळे मानाने उस्ता म्हणत आणि तेही एकमेकांना तसंच म्हणत, भांडतानासुद्धा.

शाखेचा नवा प्रमुख शौकत येऊन सहा आठवडे झाले होते. ऑक्टोबरात कैरोच्या एका हॉटेलात तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन तो परतला तो हातात एक कागद घेऊनच. कागदावर एक मोठी फुली होती आणि तिच्या आजूबाजूला ठिपके.

"मादाम इन्शिराह, हे बघा," तो म्हणाला. "एक उभी रेघ, एक आडवी रेघ. झाली चार घरं. आपली सगळी माणसं या चार घरांत बसवायची."

"आपली अकराच आहेत, बाशमुहंदिस," ती म्हणाली. इंजिनिअर साहेबांना तिथे असंच म्हणत.

"चार घरांना अकरा पुष्कळ झाली."

इन्शिराहने असला आलेख कधी केला नव्हता, पण नाही म्हणायची तिला सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा ग्लास बाजूला ठेवून तिने स्प्रेडशीट उघडली. पहिल्या रकान्यात नावं लिहिली. दुसऱ्यात प्रत्येकाने महिन्यात किती लिफ्ट दुरुस्त केल्या ते. तिसऱ्यात इमारतींच्या रखवालदारांनी त्याला दहापैकी दिलेले गुण. शेवटचे दोन रकाने निवडून ठिपक्यांचा आलेख मागितला, तर मेजावर मसूर सांडावेत तसे अकरा निळे ठिपके पडद्यावर पसरले. कोण कुठला, काही कळेना. मग एकेका ठिपक्याला पहिल्या रकान्यातलं नाव चिकटवलं.

रेघांनी मात्र तिचा घाम काढला. दोन्ही रकान्यांची सरासरी तिने सूत्र घालून काढली : एकतीस दुरुस्त्या आणि सात गुण. ती सरासरी जिथे येते तिथून रेघ जायला हवी होती. त्यासाठी रेघेच्या दोन टोकांचे दोन खोटे ठिपके करून ते जोडायचे असतात, हे तिला दुपारी बारा वाजता उमगलं. पहिल्या खेपेला आकडे उलटसुलट पडले आणि उभी रेघ तिरपी होऊन सगळ्यांच्या अंगावरून गेली. तीन वाजता एकदाची फुली सरळ उभी राहिली. चारी घरांत तिने फिकट रंग भरले आणि खुर्चीत मागे रेलून बघितलं. खरं सांगायचं तर तिला स्वतःचं कौतुक वाटलं.

घरांची नावं शौकतने ठेवली. उजवीकडे वर, म्हणजे काम जास्त आणि गुणही जास्त, ते 'तारे'. डावीकडे वर, काम कमी पण गुण बरे, ते 'गोडबोले'. उजवीकडे खाली, मरमर राबून शिव्या खाणारे, ते 'ओझेवाले'. आणि डावीकडे खाली, काम कमी, गुणही कमी, त्या लाल घराचं नाव त्याने ठेवलं 'निरोप'.

निरोपाच्या घरात एकच ठिपका होता. उस्ता बयूमी. नऊ दुरुस्त्या, चार गुण.

इन्शिराहने ते आकडे तीन वेळा तपासले. बयूमी कंपनीत सगळ्यांत जुना, साठीला टेकलेला. मुहर्रम बेकपासून पार रम्लपर्यंतच्या सत्तर लिफ्ट त्याच्याकडे होत्या. तो रोज पहाटे उठून त्यांतल्या चारपाच लिफ्टना तेल घालायचा, तारा चाचपायचा, ढिले स्क्रू आवळायचा आणि कोणी उठायच्या आत निघून जायचा. त्याच्या लिफ्ट बिघडतच नसत, म्हणून दुरुस्त्या नऊ. रखवालदारांनी गुण दिले चार, कारण हा माणूस आपण कधी पाहिलाच नाही असं त्यांचं म्हणणं. याउलट गलालच्या लिफ्ट आठवड्याला बंद पडत. गलाल अर्ध्या तासात हजर होई, विनोद सांगे, रखवालदाराला सिगारेट देई. अठ्ठावन्न दुरुस्त्या, नऊ गुण. गलाल तारा होता.

बैठकीत शौकतने आलेख भिंतीवरच्या टीव्हीवर लावला. अकराही जण पुढे वाकून आपापलं नाव शोधू लागले.

"हा लाल घरातला मी का?" बयूमीने विचारलं.

"हो, उस्ता."

"बरोबर कोणी नाही?"

"नाही."

"एकट्याला घर मोठं आहे," बयूमी म्हणाला. 

शौकत म्हणाला, "या महिन्याच्या अखेरीस मला सगळे उजवीकडे वर दिसायला हवेत. सगळेच्या सगळे."

इन्शिराहने हात वर केला. "बाशमुहंदिस, रेघा सरासरीच्या आहेत. सगळे वर सरकले की रेघही वर सरकते. कोणीतरी खाली राहणारच."

"मग सरासरी वाढवा."

"सरासरी वाढली की रेघ वाढते."

"मादाम, माणसाने आधीच हार मानू नये," शौकत मायेने म्हणाला. आणि बैठक संपता संपता त्याने तिला हळूच सांगितलं की लाल घरातल्या माणसाला कामावरून काढल्याचं पत्र गुरुवारपर्यंत तयार ठेवा.

ही बातमी जिन्यावरून खाली उतरेपर्यंत सगळ्यांना कळली. कोपऱ्यावरच्या गाड्यावर कलेजीचे सँडविच खाताना गलालने बयूमीला बाजूला घेतलं.

"बयूमीकाका, ऐका माझं. एकेका लिफ्टचा एकेक स्क्रू ढिला करून ठेवा. दोन दिवसांत फोन येतील. जायचं, आवळायचा, सलाम ठोकायचा. मी काय वेगळं करतो?"

"जमेल का मला?"

"स्क्रू उलटा फिरवायचा, काका. त्यात काय जमायचंय?"

बयूमी खरंच गेला. रम्लच्या एका जुन्या इमारतीत गच्चीवरच्या यंत्रखोलीत तो दोन तास होता. दुसऱ्या दिवशी तो इन्शिराहच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "मुली, मी ढिला करायला गेलो होतो," तो म्हणाला. "तिथे तीन आधीच ढिले होते. ते आवळून आलो." एवढं सांगून तो पाटी फोडलेल्या पोरासारखा मान खाली घालून निघून गेला.

गुरुवार उजाडला. इन्शिराहने पत्र लिहायला घेतलं आणि 'उस्ता बयूमी' एवढे दोनच शब्द लिहून थांबली. मग तिने परत स्प्रेडशीट उघडली. तिच्या मनात असं काही नव्हतं; ती नुसती आकडे चाळत होती. अकरा नावांखाली तिने बारावी ओळ घेतली, सरासरीचं सूत्र तिथपर्यंत ओढलं आणि दुरुस्त्यांत शून्य टाकलं. रेघ जराशी डावीकडे सरली. उणे पन्नास टाकलं. अजून सरली. मग तिने नीट हिशेब मांडला. बारावा माणूस उणे दोनशे चाळीस दुरुस्त्या करत असेल आणि त्याला दहापैकी उणे तीस गुण असतील, तर सरासरी आठ पूर्णांक चार आणि तीन पूर्णांक नऊवर येते. बयूमी नऊ आणि चार. दोन्हीकडून केसभर वर.

तिने आकडे टाकले. पडद्यावर अकराही ठिपके उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन एकमेकांना चिकटून बसले, थंडीत शेकोटीभोवती बसावेत तसे. खाली डावीकडे, लांब, एकच ठिपका.

त्याला नाव हवं होतं. गुरुवार होता, अरबीत खमीस, म्हणून खमीस. खिडकीसमोरच्या दुकानात अंग घासायच्या लीफा टांगल्या होत्या म्हणून अबू लीफा. खमीस अबू लीफा.

शौकतने आलेख पाहिला आणि उभाच राहिला. नावं एकावर एक पडून वाचता येत नव्हती.

"किती एकजूट दिसते," तो म्हणाला. मग चष्मा वर करून खाली बघितलं. "हा कोण?"

"खमीस अबू लीफा. मागच्या वेळी राहून गेला होता. फिरतीवर असतो."

"उणे दोनशे चाळीस म्हणजे?"

आता हा हसेल, मग ओरडेल, आणि मग दोन पत्रं लिहावी लागतील असं इन्शिराहला वाटलं. शौकतने बोटांवर काहीतरी मोजलं.

"म्हणजे हा लिफ्ट बिघडवतो," तो म्हणाला. "दिवसाला आठ. सुट्टीच्या शुक्रवारीसुद्धा."

"आकडे तरी तसं म्हणतात, बाशमुहंदिस."

"आणि असा माणूस शहरात मोकाट असताना बाकीच्या अकरांनी हे काम करून दाखवलंय," शौकत म्हणाला. त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. बयूमीचं पत्र राहिलं. आलेख त्याच दिवशी कैरोच्या मुख्य कचेरीला गेला.

पुढचे दोन महिने असे गेले की इन्शिराहला जेवण गोड लागेना. मुख्य कचेरीने अकरा ताऱ्यांबद्दल अभिनंदन केलं आणि बाराव्याला ताकीद द्यायला सांगितलं. ताकिदीचं पत्र इन्शिराहनेच टाइप केलं, शौकतने सही केली आणि ते खमीसच्या खणात ठेवलं. खण पण तिनेच रिकामा करून दिला होता. आठवड्याने दुसरं पत्र. खमीस उत्तर देईना, तेव्हा उद्धट म्हणून तिसरं.

मेकॅनिकांना ती व्यवस्था फारच सोयीची झाली. कुठेही लिफ्ट अडकली की गलाल कपाळाला हात लावायचा. "खमीस येऊन गेला वाटतं," असं म्हटलं की रखवालदार समजुतीने मान डोलवायचे. थोड्या दिवसांनी तेच त्याला पाहिल्याचं सांगू लागले. सीदी बिश्रच्या रखवालदाराने त्याला पळताना पाहिलं होतं. उंच, पांढऱ्या मिशांचा. अत्तारीनच्या रखवालदाराचा तो बुटका आणि तोतरा होता. एका इमारतीतल्या लिफ्टचा आरसा फुटला, त्याची तक्रारही त्याच्या नावावर आली. इन्शिराहने ती वहीत नोंदवली. दुसरं काय करणार?

हे सगळं बयूमीला सहन होईना. एके सकाळी तो धुतलेला शर्ट घालून शौकतकडे गेला. दार उघडंच होतं, त्यामुळे इन्शिराहला सगळं ऐकू आलं.

"बाशमुहंदिस, खमीस म्हणून कोणी माणूस नाही. नुसता ठिपका आहे."

शौकतने पेन खाली ठेवलं. "उस्ता, तुम्ही आता वरच्या घरातले. वरच्या घरातल्याने खालच्याबद्दल असं बोलू नये."

"अहो, तो जन्मलाच नाही."

"रागावलात तुम्ही त्याच्यावर. मला समजतं," शौकत म्हणाला. "पण शेवटी तो आपला सहकारी आहे."

बयूमी बाहेर आला आणि इन्शिराहच्या टेबलावर हात टेकून उभा राहिला. "मुली, मी खरं सांगून बघितलं," तो म्हणाला. "तुझं नाव घेतलं नाही."

जानेवारीत समुद्र खवळलेला असताना, समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्यावर लाटा मोटारींच्या टपांवर आदळत असताना, कैरोहून मादाम नाझली आल्या. त्या कर्मचारी विभागातल्या. जाड काचांचा चष्मा, उकडलेली अंडी आणि मीठ स्वतःच्या डब्यात. खमीसची चौकशी करायची आणि बहुधा त्याला काढून टाकायचं, हे काम त्यांच्याकडे होतं.

आदल्या दिवशी इन्शिराहने अकराही जणांना गच्चीवर बोलावून सगळं स्पष्ट सांगितलं होतं. "खमीसला काढला की रेघा परत एकतीस आणि सातवर जातात. तुमच्यातले सात जण ताऱ्यांच्या घरातून बाहेर पडतील. बयूमीकाका तर थेट निरोपात."

"म्हणजे त्याला वाचवायचा," गलाल म्हणाला.

"नसलेल्या माणसाला?" दुसऱ्याने विचारलं.

"असलेल्याला तर कोणीही वाचवतं, गाढवा."

चौकशीच्या खोलीत खमीससाठी खुर्ची ठेवली होती. मादाम नाझलींनी रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

"तो आला नाही?"

"कामावर गेलाय, मादाम," गलाल म्हणाला.

"बिघडवायला?"

"ते आम्ही कशाला सांगायचं. कोणाच्या पोटावर पाय देऊ नये."

"त्याचं नाव पगारपत्रकात नाही. हा पगार घेत नाही?"

गलालने मान खाली घातली. "आपण नीट काम करत नाही याची त्याला लाज वाटते. म्हणून घेत नाही."

मादाम नाझलींनी हे लिहून घेतलं. मग एकेक जण बोलला. कोणी म्हणालं, हात वाईट पण मन साफ आहे. कोणी म्हणालं, आमचं जे काही नाव झालं ते त्याच्यामुळे. हे तर शब्दशः खरं होतं. एकाने सांगितलं की आपल्या मुलीच्या साखरपुड्यात खमीस शेवटपर्यंत थांबला आणि खुर्च्या उचलून ठेवल्या. हे सांगताना त्याचा आवाज इतका कातर झाला की इन्शिराहलाही क्षणभर त्या खुर्च्या दिसल्या. मग बयूमीची पाळी आली. त्याला खोटं बोलता येत नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं.

"मी त्याला कधी पाहिलेलं नाही," शेवटी तो म्हणाला. "पण माझी नोकरी त्याच्यामुळे राहिली. त्याला काढू नका."

मादाम नाझलींनी चष्मा पुसला. तीस वर्षांच्या नोकरीत एकाच्या बाजूने अकरा जण बोलताना आपण पाहिले नाहीत, असं त्या म्हणाल्या. असा माणूस काढून टाकणं पाप आहे. इथे त्याला बिघडवायची सवय लागली आहे, जागा बदलली की सुधारेल. आणि त्यांनी खमीस अबू लीफाची कैरोला, शुब्राच्या शाखेत बदली केली.

मदत करताना प्रकरण एवढं पुढे जाईल असं कोणाला वाटलं नव्हतं. इन्शिराहने बदलीचा कागद टाइप केला आणि बारावी ओळ पुसली. फुली झपकन उजवीकडे वर सरकली आणि बयूमी लाल घरात जाऊन पडला. आता फक्त शौकतने बघायचं बाकी होतं. आणि कैरोत खमीस हजर झाला नाही की चौकशी सुरू होणार, मग धागा ओढत ओढत लोक तिच्या टेबलापर्यंत येणार, हे तिला दिसत होतं. तिने टेबलाचा खण आवरला, आपला चहाचा ग्लास पिशवीत भरला आणि वाट बघत बसली.

पाचव्या दिवशी शुब्राहून फोन आला.

"खमीस अबू लीफा हजर झाले," पलीकडची बाई म्हणाली. "त्यांची फाईल पाठवा."

"कोण हजर झालं?" इन्शिराहने विचारलं.

हळूहळू तिला कळलं ते असं. शुब्राच्या कचेरीच्या व्हरांड्यात नोकरी मागणारी माणसं रोज बाकावर बसत. त्यांत एकजण होता, लिफ्टच्या कामाचा दाखला असलेला, जो तीन वर्षं येऊन बसत होता. कारकून दारात येऊन ओरडला, खमीस अबू लीफा. कोणी उठलं नाही. दुसऱ्यांदा ओरडला, तरी कोणी नाही. तिसऱ्यांदा तो माणूस उठला आणि आत गेला. त्याचं खरं नाव काय, हे पुढे कोणी विचारलं नाही.

त्याने पहिल्या महिन्यात चौदा लिफ्ट दुरुस्त केल्या. मुख्य कचेरीने हिशेब केला : उणे दोनशे चाळीसवरून चौदा, म्हणजे एका महिन्यात दोनशे चोपन्नची सुधारणा. कंपनीच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. त्याला प्रशस्तिपत्र मिळालं. ज्याच्या हाताखाली तो तयार झाला त्या शौकतलाही मिळालं, आणि माणसं कशी सुधारावीत हे बाकीच्या शाखांना शिकवायला त्याला कैरोला बोलावून घेतलं. निघायच्या घाईत त्याला नवा आलेख बघायला वेळ झाला नाही. निरोप समारंभात त्याने बसबूसा या रव्याच्या मिठाईचे तुकडे वाटले आणि बयूमीला मिठी मारली.

त्याच्या जागी फिकरी नावाचे गृहस्थ आले. त्यांना संगणकाची अॅलर्जी होती. ते तक्रारींची वही बघत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी इन्शिराहला विचारलं, "बयूमीच्या नावापुढे काहीच कसं नाही?" ती सांगायला लागली, तोवर तेच म्हणाले, "बरं आहे," आणि पान उलटलं. बयूमी अजून पहाटे फिरतो. गलालच्या लिफ्ट अजून बंद पडतात. तो आता दोष कोणाला देतो, ते इन्शिराह विचारत नाही.

मे महिन्यात एका दुपारी तिचा फोन वाजला. तिने सवयीने वही ओढली.

"मी खमीस अबू लीफा बोलतोय," पलीकडून एक मऊ, जरा घाबरलेला आवाज म्हणाला. "शुब्राहून. माझी मागची रजा शिल्लक आहे का, ते विचारायचं होतं."

इन्शिराहने थोडा विचार केला. खमीसने अलेक्झांड्रियात एकही दिवस रजा घेतली नव्हती, शुक्रवारीसुद्धा. "एकवीस दिवस आहेत," ती म्हणाली. "कागद पाठवते."

"अल्लाह तुमचं भलं करो." तो थांबला. फोन ठेवेना. "मादाम, अजून एक. माझ्या फाईलमध्ये पुष्कळ वाईट लिहिलंय. तिकडे लोक माझ्याबद्दल वाईट बोलतात का?"

"नाही," इन्शिराह म्हणाली. "तुम्हाला काढणार होते, तेव्हा अकरा जणांनी तुमच्या बाजूने साक्ष दिली. एकेकाने. चौकशी करणाऱ्या बाईंनी चष्मा काढून पुसला."

पलीकडे लिफ्टच्या दाराचा खडखडाट ऐकू आला, कोणीतरी कोणाला तरी हाक मारत होतं.

"माझ्यासाठी इतकं कोणी केलं नव्हतं," तो म्हणाला.

"काय नावं त्यांची?" मग त्याने विचारलं. "लिहून घेतो."

इन्शिराहने एकेक नाव सांगितलं, हळूहळू, त्याला लिहिता येईल असं. सुरुवात बयूमीपासून केली.